बदल तिसऱ्या महिन्यात का मोडतो?

महोदय,

नाशिक जिल्ह्यातल्या अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांत 'फाइव्ह एस' (कामाची जागा आवरून नीट लावून ठेवण्याची जपानी पद्धत), डाय म्हणजे मशीनमधला साचा बदलण्याचा वेळ कमी करणे असे उपक्रम सतत सुरू होतात. बॅनर लागतो, फोटो निघतात आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. खापर हमखास कामगारांच्या 'मानसिकते'वर फुटते. हे निदान चुकीचे आहे.

पत्रा कापणारे, दाबून आकार देणारे मशीन, म्हणजे पॉवर प्रेस घ्या. डाय बदलताना बराच वेळ बोल्ट, पाने, पॅकिंग शोधण्यात जातो. म्हणून प्रेस चालू असतानाच पुढची डाय आणि तिचे सगळे सामान ट्रॉलीवर तयार ठेवायचे. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचा चार तासांचा बदल याच विचाराने अखेर तीन मिनिटांवर आणला. आपल्याकडेही ट्रॉली येते. मग दुसऱ्या पाळीत एका बोल्टचे आटे जातात, स्टोअर बंद असते, डाय बसवणारा सेटर शेजारच्या ट्रॉलीतला बोल्ट काढतो. बघता बघता एकही ट्रॉली पुरी राहत नाही आणि कोपऱ्यातली जुनी बोल्टची पेटी बाहेर येते. प्रत्येक ट्रॉलीत दोन जादा बोल्ट ठेवले असते आणि ती पेटी पहिल्याच दिवशी शॉपमधून हलवली असती, तर हे टळले असते.

दुसरे कारण टार्गेट. नवी पद्धत हातात बसेपर्यंत वेग कमी होणारच. पहिले दोन-तीन आठवडे त्या मशीनचे टार्गेट १०-१५ टक्के उतरवा, इन्सेंटिव्ह मात्र कापू नका. नाहीतर ऑपरेटर जुनीच पद्धत धरणार, आणि त्यात त्याचे काय चुकले? सुरुवात एकाच लाईनवर करा. पद्धत तिन्ही पाळ्यांच्या सेटरांना एकत्र बसवून ठरवा. पाळी बदलताना दोन्ही सुपरवायझर दहा मिनिटे मशीनपाशी हवेत. नव्या कंत्राटी कामगाराला शिकवणार कोण, त्याचे नाव फळ्यावर हवे.

२१ दिवसांत सवय लागते, असे प्रशिक्षणांत सर्रास सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. माणसागणिक १८ ते २५४. तेही खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या साध्या सवयींसाठी. मग महिन्याभरात तपासणी बंद करून कसे चालेल?

सगळ्यात अवघड भाग मॅनेजरचा स्वतःचा. रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटे त्या लाईनवर, आठवड्यातून एकदा रात्रपाळीत. डिस्पॅच अडकला की तोंडी येणारे 'आज राहू दे' गिळायचे. कामगार तेवढे एकच वाक्य लक्षात ठेवतात, आणि बरोबरच करतात.

निमा व आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी सहा महिने टिकलेले बदल रात्रपाळीत जाऊन पाहावेत आणि तिथे इतर कारखान्यांच्या सेटर-सुपरवायझरांना न्यावे, अशी विनंती आहे.

– एक प्रॉडक्शन इंजिनीअर, अंबड, नाशिक