आधी नेट तोड, सफाई मागाहून

कोल्हापूर

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरच्या कॉम्प्युटरबद्दल तू सविस्तर लिहिलेस ते बरे केलेस. ब्राउझर उघडताच भलतेच सर्चचे पान येणे, उजव्या कोपऱ्यात जाहिरातींच्या चौकटी डोकावणे आणि विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप बंद झालेला दिसणे, हे सगळे एकाच आठवड्यात सुरू झाले असेल, तर मशीन जुने झाले म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. ईराने उतरवलेल्या ‘क्रॅक’ (कुलूप तोडून फुकट वाटलेल्या) गेमच्या फोल्डरचा फोटो पाहिला. इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना आतल्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे आणि झिपचा पासवर्ड चक्क फाइलच्या नावातच दिलेला आहे. पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये स्कॅनरला सहसा डोकावता येत नाही, म्हणूनच तो लावलेला असतो. ईराला मात्र रागावू नकोस. तिने आपणहून सांगितले म्हणून निदान नेमके कशामुळे झाले ते कळले. पुढच्या वेळी तिने लपवले तर ते फार महाग पडेल.

‘एखादा चांगला क्लीनर सांग, टाकतो आणि मोकळा होतो,’ असे तू लिहिले आहेस. बँकेच्या संगणक विभागात इतकी वर्षे काढल्यावर मी एवढेच सांगेन की कोणते सॉफ्टवेअर वापरायचे हा प्रश्न दुय्यम आहे, कामे कोणत्या क्रमाने करायची हे महत्त्वाचे. सर्वप्रथम वाय-फाय बंद कर, केबल असेल तर ती काढ. स्पायवेअरचे काम माहिती गोळा करून बाहेर पाठवण्याचे असते, तेव्हा बाहेरची वाट आधी बंद झाली पाहिजे. त्या मशीनवरून बँकेचे किंवा ईमेलचे लॉगिन अजिबात करू नकोस. ‘पटकन पासवर्ड बदलतो’ म्हणून लोक त्याच कॉम्प्युटरवर बसतात आणि नवा पासवर्डही चोराच्या हाती देतात.

पासवर्ड तुझ्या फोनवरून, मोबाइल डेटावर बदल. सुरुवात ईमेलपासून कर, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतात. अशा क्रॅकमधून येणारे चोर प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर उचलतातच, शिवाय लॉगिन झाल्यावर ब्राउझर जपून ठेवतो त्या कुकीजही नेतात. त्या कुकीच्या जोरावर, पासवर्ड किंवा ओटीपी न विचारता, दुसऱ्या कोणाला तुझे खाते उघडता येऊ शकते. म्हणून पासवर्ड बदलल्यानंतर प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय शोधून वापर आणि टू-स्टेप पडताळणी सुरू कर. सूनबाईचे ऑफिसचे खाते त्या मशीनवर उघडले गेले असेल, तर तिने आपल्या आयटी विभागाला आजच कळवावे. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले, तर बँकेला आणि 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा; उशीर झाला की पैसे अडवणे अवघड होते.

मग सफाई. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीची तारखेनुसार मांडणी कर आणि त्या आठवड्यात आलेले अनोळखी काढून टाक. ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स आणि नोटिफिकेशनच्या परवानग्या पाहा; कोपऱ्यातल्या जाहिराती पुष्कळदा अशाच एखाद्या परवानगीतून येतात. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीत जाऊन ‘एक्सक्लूजन्स’ची यादी उघड. ही पायरी बहुतेक जण विसरतात. या यादीतल्या जागा डिफेंडर तपासतच नाही, हे मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. तिथे कधी कधी अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला आढळतो. तू स्वतः घातलेले नाही ते सगळे तिथून काढ. मग नेट थोडा वेळ जोडून डिफेंडर अपडेट कर, पुन्हा तोड आणि ‘ऑफलाइन स्कॅन’ चालव. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये दडून बसणाऱ्यांना लपायला जागा उरत नाही. साधारण पंधरा मिनिटे लागतात. वाटेत बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला लावते त्या कुलपाची, रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पाहून आधीच लिहून ठेव.

स्कॅन स्वच्छ आला तरी, पासवर्ड चोरणारे काही आत आल्याची शंका असेल, तर माझे स्पष्ट मत असे की विंडोज नव्याने टाकावे. गेलेला एक रविवार परवडतो. आधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर काढ, पण सेट-अपच्या फाइल्स आणि तो गेमचा फोल्डर बरोबर घेऊ नकोस.

नवे विंडोज टाकल्यावर ईराला ॲडमिनिस्ट्रेटर नसलेले, साधे खाते दे, म्हणजे काहीही इन्स्टॉल करताना तुझा पासवर्ड लागेल. दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नकोस, ते एकमेकांच्या पायात येतात. अपडेट मात्र पुढे ढकलू नकोस. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका त्रुटीची दुरुस्ती मार्च 2017 मध्ये दिली होती. ती न घेतलेल्या मशीनवर मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, पसरला, आणि जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रामनेही तीच त्रुटी वापरली, तेव्हा आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले होते. तुझ्याकडे अजून विंडोज 10 असेल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. मशीनला चालत असेल तर थेट 11 टाक. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवायची नाही, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सही कुलूपबंद करतो.

आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे पान स्क्रीनभर आले, तर फोन करायचा नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. हे तुझ्या सासऱ्यांनाही एकदा करून दाखव, कारण दुपारी घरी तेच असतात.

विंडोज टाकण्यासाठी किमान 8 जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लागेल. तो तुझ्या घरच्या मशीनवर बनवू नकोस, दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून बनव आणि रविवारी बसण्याआधी मला फोन कर.

तुझी,
आई