हलगी शिकायची म्हणालीस, त्याबद्दल

चि. सुजाता हिस,
अनेक आशीर्वाद.

तिकडे अमेरिकेतल्या डरहॅमच्या त्या 'बिस्किट्स अँड बँजोज' संगीत महोत्सवातून तू फोन केलास तेव्हा मी विट्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. गलका तुझ्याकडेही आणि माझ्याकडेही. तरी तुझा प्रश्न नीट ऐकू आला. तात्या एवढी हलगी वाजवायचे, मग सोडली का? आणि आता गणपतीला मंडळाच्या पथकात तू वाजवलीस तर घरात कुणाला वाईट वाटेल का? असलं काही स्टँडवर उभं राहून सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

तात्या हौसेने वाजवत नव्हते. गावकीचं काम होतं ते. लग्न असो, जत्रा असो, कुस्त्यांचा फड असो, मयत असो, बोलावणं आलं की निघायचं. अंगात ताप असला तरी निघायचं. बदल्यात सुगीला पेंढ्या आणि सणाला वाढलेलं ताट, तेही अंगणाबाहेर. १९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडायला गेले आणि आठवड्याला हातात रोख पगार पडू लागला. दुष्काळ संपल्यावर पाटलांच्या वाड्यावरून निरोप आला तेव्हा तात्या गेले नाहीत. हलगीचं कातडं काढून टाकलं आणि कडं विहिरीच्या रहाटाला वापरलं. मला त्यांचा अभिमान वाटतो. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा घोळ होणार नाही.

आता तुझ्या शेजारची गोष्ट. तू ज्यांना ऐकायला गेली होतीस ते काळे बँजो-फिडलवादक, रिअनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन यांनी हे वाजवणं कुठून उचललं, ते मी शोधून वाचलं. जन्मभर इंग्रजी शिकवल्याचा म्हातारपणी एवढा तरी उपयोग! मेबेन नावाचं गाव तुझ्या घरापासून गाडीने तासाच्या आत आहे. तिथे जो थॉम्पसन नावाचे काळे फिडलवादक राहायचे (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन). जन्म १९१८ चा. बापाकडून शिकले. भाऊ आणि चुलतभाऊ बँजो वाजवायचे. मक्याची कणसं सोलायला सगळी आळी एकाच्या घरी जमायची, आपल्या इर्जिकीसारखी. काम उरकलं की जेवण, आणि मग घरातलं सामान बाहेर काढून नाच. त्या नाचाला हे पोरगे वाजवायचे. काळ्यांच्या घरी वाजवायचे तसेच गोऱ्यांच्या घरीही.

तू म्हणालीस की बँजो म्हणजे गोऱ्यांचं वाद्य असंच तुला वाटायचं. तुझं एकटीचं नाही, बहुतेकांचं तसंच आहे. (आपल्या वरातीतला बटणांचा बँजो वेगळा, तो मध्ये आणू नकोस.) मूळ बँजो भोपळ्यावर कातडं ताणून केलेला. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी तो तिकडे घडवला. सेनेगल-गांबियात जोला लोकांचं अकोंटिंग आजही तसंच आहे, भोपळा, कातडं, आणि अंगठ्याने छेडायची एक आखूड तार. पुढे १८४० च्या दशकात गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून, हाच बँजो घेऊन काळ्यांची टवाळी करत गावोगाव खेळ करू लागले. ते लोकांना इतकं आवडलं की पुढे कित्येक काळ्या घरांना बँजो हातात धरायचीच लाज वाटू लागली. त्यात १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी बाजार दोन कप्प्यांत वाटला. काळ्यांना ब्लूज विकायचं, आणि फिडल-बँजो गोऱ्या डोंगरी लोकांचं म्हणून विकायचं. थॉम्पसनांसारखे लोक कुठल्याच कप्प्यात बसेनात. शिवाय माणसं गावं सोडून शहरांकडे चालली होतीच.

जो महायुद्धावर जाऊन आले आणि फर्निचरच्या कारखान्यात लागले. नाच बंद पडले, फिडलही मागे पडली. १९७० च्या दशकात किप लॉर्नेल नावाचा लोकसंगीताचा अभ्यासक दारात आला, म्हणून जो आणि चुलतभाऊ ओडेल पुन्हा वाजवू लागले. १९९४ मध्ये ओडेल अपघातात गेले. साथीला घरचं कुणी उरलं नाही.

२००५ च्या एप्रिलमध्ये बून गावी काळ्या बँजोवाल्यांचा मेळावा भरला. तिथे ही तीन पोरं एकमेकांना भेटली. त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी ती मेबेनला जोंच्या घरी जाऊ लागली. म्हातारा ८६ वर्षांचा, पक्षाघातातून उठलेला. गिडन्स ऑपेरा शिकून आलेली, कागदावरचे सूर वाचणारी. इथे कागद नव्हता. जो चाल वाजवायचे, थांबायचे नाहीत, यांनी पाठोपाठ धरायची. चाल दोन ओळींची, पण नाचणाऱ्याचे पाय चालू आहेत तोवर फिरत राहायची. पुढे या तिघांनी 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' नावाचा बँड काढला. मला त्या बँडच्या ग्रॅमी पुरस्कारापेक्षा (तो २०११ मध्ये मिळाला) या गुरुवारांचंच जास्त कौतुक वाटतं. २०१२ मध्ये जो गेले तेव्हा त्यांच्या चाली या तिघांच्या बोटांत होत्या.

फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्यांना अर्पण केली, हे तुला मी लहानपणीच शिकवलंय. पण त्या गुलामांच्या नातवंडांनीही एक वाद्य लाजेपोटी खाली ठेवलं आणि पणतवंडांनी ते पुन्हा उचललं, हे मला आत्ता कळलं. तात्यांनी टाकली ती वेठ. हलगी त्या वेठीला बांधली होती म्हणून तीही गेली. तुला कुणी वाड्यावरून बोलावलेलं नाही, तुझी तू वाजवणार आहेस. घरात कुणाला वाईट वाटायचा प्रश्नच नाही. मात्र मंडळाने ढोलवाल्यांना मानधन दिलं तर तूही माग, नाहीतर वाजवू नकोस. फुकट वाजवणं आपल्या घरात बरंच झालंय.

राहिलं शिकायचं. पथकातली मुलं व्हिडिओ बघून शिकवतील ते लेझमीपुरतं. कुस्तीची चाल वेगळी. जोड लागली की आधी संथ, पकड घट्ट होईल तशी चढत जाणारी, आणि चितपट झाली की एकदम तोडायची. तोडायची कधी, हे पैलवानाच्या खांद्याकडे बघून कळतं असं तात्या म्हणायचे. आता ते नाना आजोबांशिवाय कुणाला येत नाही. मी त्यांच्याशी बोललो. आधी म्हणाले, पोरीच्या जातीला काय करायचंय हलगी. मग दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारायला आले, कधी येणार म्हणून.

डिसेंबरची तिकिटं काढताना दोन आठवडे जास्तीचे धर. कातडं इथे चढवून घेऊ, कडं लोखंडी मिळतं. नाना सकाळी हलगी शेकोटीवर शेकून मगच हात लावतात, तेव्हा सहाला उठावं लागेल. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बस. टिपरू आणि काडी त्यांचीच वापर, प्लास्टिकची आणू नकोस, चिडतात. आणि यायच्या आधी एका रविवारी मेबेनला जाऊन ये, तिथलं काय दिसतं ते मला कळव.

तुझा,
बाबा