प्रवाळावर पाय नको

महोदय,

सुटीत खान्देशातून मालवणला स्कूबासाठी (पाठीला हवेचे सिलिंडर लावून पाण्याखाली पोहण्यासाठी) जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. तापी-गिरणेत बुडी मारताना श्वास कोंडायची सवय असते. सिलिंडर लावल्यावर तीच जिवावर बेतते. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट, त्यामुळे तिथे कोंडलेली हवा वर येताना दुपटीने फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. श्वास अखंड चालू हवा. उतरताना दर मीटरला नाक दाबून हलकेच फुंकावे, कान दुखायच्या आधीच. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नये.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथे फोटोसाठी प्रवाळावर उभे राहू नका, माशांना पाव टाकू नका. प्रवाळ दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. पायात घातलेल्या फिनचा (पोहण्याच्या पंखाचा) एक फटका तिची कित्येक वर्षांची वाढ मोडतो.

– एक वाचक, भुसावळ