नदीकाठचा ट्रॅक ऑफिस-कॉलेजपर्यंत पोचू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बंडगार्डनच्या पुलावरून जाता-येता नदीकाठ सुधारचं काम दिसतं, आणि दर वेळी मनात एकच येतं की हे सगळं फक्त सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठीच राहणार का. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा हा प्रकल्प आहे. त्यातला मुळा-मुठेच्या संगमापर्यंतचा मुठेचा भाग १०.४ आणि पुढे मुंढवा-खराडीपर्यंतचा ११.८, म्हणजे सिंहगड रोडच्या बाजूने थेट खराडीपर्यंत साधारण २२ किलोमीटर सलग काठ. सिग्नल नाही, चढ जवळजवळ नाही, आणि आमच्याकडच्या कितीतरी लोकांना रोज कामाला जायचंय ते नेमकं त्याच दिशेला. पुण्यात सायकलसाठी याहून चांगला रस्ता कुठे शोधून सापडणार नाही हो!

पण सायकल ट्रॅक नुसता काठावर असून काय उपयोग, त्यावर चढायला आणि उतरायला जागा पाहिजे. राजाराम पूल, म्हात्रे पूल, भिडे पूल, प्रत्येक पुलाशी सायकल हातात न धरता, चालवत वर येता येईल असा उतार पाहिजे, पायऱ्या नकोत. डेक्कन आणि संभाजी उद्यान ही मेट्रो स्टेशनं तर नदीला लागूनच आहेत, तिथे सायकल लावायला स्टँड झाला की मेट्रो आणि सायकल आपोआप जोडली जाईल.

रस्त्यावरच्या सायकल ट्रॅकचा अनुभव सांगतो. आमच्या भागात ट्रॅक झकास सुरू होतो, शंभरेक पावलांवर मधोमध विजेचा डीपी बॉक्स, त्याच्यापुढे लावलेल्या टू-व्हीलर, मग उखडलेले ब्लॉक, आणि जिथे रस्त्यावर उतरायचं तिथे उतारच नाही, वीतभर उंच कठडा. परवा माझी मुलगी तिथे सायकल उचलून खाली घेत होती आणि मागून बस आली. ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं, पण माझे पाय अजून कापतात आठवलं की.

२०१७ मध्ये महापालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, तो चांगला आहे, त्यात नवीन काही शोधायची गरजच नाही. तो आणि नदीकाठचा प्रकल्प एकाच टेबलावर ठेवून बघा एवढंच म्हणणं आहे. काठाला मिळणारा प्रत्येक रस्ता आधी घ्या, बाकीचे नंतर.

पावसाळ्याचाही विचार आत्ताच व्हायला हवा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो हे आपण दर वर्षी बघतो, आणि २५ जुलै २०२४ ला आमच्या सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं ते तर आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे नदीची जागा कमी करून, भराव टाकून ट्रॅक रुंद करायला माझा साफ विरोध आहे, नदीला तिची जागा राहू द्या. पुलाखालचा भाग पाण्याखाली गेला तर वरून कुठून जायचं याची पाटी आणि रस्ता तयार असला की झालं. आणि झाडं तोडू नका, एप्रिलच्या उन्हात सावली नसेल तर त्या ट्रॅकवर दुपारी कोण सायकल चालवणार? चालणाऱ्यांची पट्टी आणि सायकलची पट्टी मात्र वेगळी हवी, आजी-आजोबांच्या मागून घंटी वाजवत जाणं दोघांनाही त्रासाचंच. आणि रात्री दहापर्यंत तरी दिवे चालू हवेत, सेकंड शिफ्टवाले काय करतील नाहीतर.

सगळं एकदम होणार नाही हे कळतं. निदान राजाराम पूल ते संगम एवढा तुकडा आधी सलग करा.

जूनमध्ये मुलीचं अकरावीचं कॉलेज सुरू होतंय, डेक्कनला. तिला सायकलनेच जायचंय, मी अजून हो म्हटलेलं नाही.

आपला,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे