म्युनिकच्या एस१ लोकलमध्ये भेटलेल्या ताईला

ताई, तुझं नाव तू सांगितलं होतंस, पण तुला न विचारता असं सगळ्यांसमोर लिहिणं बरं नाही, म्हणून नुसतं ताईच म्हणते. वयाने माझ्यापेक्षा लहानच असशील, पण त्या दिवशी मोठेपणा तू घेतलास. तेव्हा घाईत नीट आभार मानायचे राहून गेले आणि ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे लिहितेय. म्युनिकमधल्या मराठी लोकांच्या ग्रुपवरून फिरत फिरत तुझ्यापर्यंत पोचेल अशी आशा आहे.

आठवतंय का बघ. हाउप्टबानहोफचा, म्हणजे म्युनिकच्या मुख्य स्टेशनचा, खालचा एस-बानचा, म्हणजे तिथल्या लोकलचा प्लॅटफॉर्म, मी, माझी आई, चार वर्षांचा मुलगा स्ट्रोलरमध्ये, दोन मोठ्या बॅगा आणि एक केबिन बॅग. नवरा कामासाठी आधीच परत गेला होता. आईचा गुडघा दुखत होता, त्यामुळे तिला मध्येच कुठे उतरवायचं, जिने चढवायचे हे शक्यच नव्हतं. बोर्डवर विमानतळाच्या दोन गाड्या दिसत होत्या, एस१ आणि एस८, आणि दोन्ही एकमेकींच्या उलट्या दिशेला जाणाऱ्या! आई म्हणाली, "अगं दोन्हीकडे विमानच काढलंय, इकडची धरायची की तिकडची?" आणि मागून आवाज आला, "काकू, दोन्ही जातात, एक पूर्वेकडून फिरून जाते आणि एक पश्चिमेकडून."

परदेशात पाठीमागून असं अचानक मराठी ऐकू आलं की काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. आईचा चेहराच बदलला.

मग तू जे सांगितलंस ते मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण म्युनिकला जाणाऱ्या प्रत्येक माणसाला हे माहीत पाहिजे. एस८ सरळ विमानतळाला जाते, तिच्यात कुठेही बसलं तरी चालतं. पण एस१ नॉयफार्न नावाच्या स्टेशनवर चक्क दोन तुकडे होते. पुढचा भाग फ्रायझिंगला जातो आणि मागचा भाग विमानतळाला. आपल्याकडे कल्याणला कर्जत आणि कसारा वेगळे होतात हे आपल्याला पाठ असतं, पण तिथे निदान अख्खी गाडी एकाच बाजूला जाते ना, इथे एकाच गाडीत बसलेली माणसं दोन गावांना पोचतात. आणि चालत्या गाडीत पुढून मागे जायचीही सोय नाही, कारण जोडलेल्या दोन भागांच्या मध्ये दार नसतं, प्लॅटफॉर्मवर उतरून बाहेरूनच पळायला लागतं. बोर्डवर लिहिलेलं असतं, गाडीत इंग्रजीतून सांगतातही, सगळं खरं आहे, पण एका हाताला रडवेलं पोर आणि दुसऱ्या हाताला बॅग असताना त्या घोषणेकडे कोणाचं लक्ष जातं सांग.

तू म्हणालीस, एस८ ला वेळ आहे, एस१ आत्ता येतेय, मी त्याच गाडीने जातेय, चला. आणि माझ्या हातातली मोठी बॅग घेऊन प्लॅटफॉर्मच्या मागच्या टोकाकडे चालायलाच लागलीस. चालता चालता तिकीट दाखवा म्हणालीस. विमानतळ झोन ५ मध्ये येतो, त्यामुळे नुसतं शहरापुरतं तिकीट चालत नाही, एम (म्हणजे शहराचा झोन) ते ५ असं लागतं, हे तू बघून खात्री केलीस, त्यावर ठप्पा आहे की नाही तेही बघितलंस. तिथे आपल्या मेट्रोसारखी गेटं नाहीत, कोणी अडवत नाही, साध्या कपड्यातले तपासनीस मध्येच येतात आणि तिकीट बरोबर नसेल तर सरळ ६० युरो. आमचं ग्रुपचं एअरपोर्ट सिटी डे तिकीट होतं, ते पाच मोठ्या माणसांपर्यंत चालतं आणि सहा वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीटच नाही, हे पण तूच आईला समजावलंस, कारण ती सारखी नातवाचं तिकीट कुठंय विचारत होती.

गाडी आली, तू हिरवं बटण दाबून दार उघडलंस, स्ट्रोलर पुढून उचललास, आईला हात दिलास. मला वाटलं आता बाय म्हणशील आणि पुढे जाशील. तू आमच्यासमोरच बसलीस. लाईम, मोझाख, फेल्डमोखिंग अशी स्टेशनं जात होती, आई तुला अगदी घरच्यासारखी खोदून खोदून विचारत होती, गाव कुठलं, काय शिकतेस, जेवणाचं काय करतेस, थंडी सोसते का. तू साताऱ्याकडची, फ्रायझिंगला वाइनश्टेफानच्या कॅम्पसला फूड टेक्नॉलॉजी शिकतेस, आणि खोलीतली कांदा-लसूण चटणी संपून बरेच दिवस झालेत.

ताई, मला तेव्हा सुद्धा लगेच उजेड पडला नाही. ओबरश्लाइसहाइम गेल्यावर डोक्यात आलं की फ्रायझिंग म्हणजे तर पुढचा भाग. तू तर पुढे बसायला पाहिजे होतंस! विचारलं तर म्हणालीस, "हो, नॉयफार्नला बदलते ना, काकूंना उगाच टेन्शन नको." इतकं सहज. म्हणजे स्वतःची जागा सोडून, जड सॅक पाठीवर घेऊन, तू एवढा वेळ आमच्यासाठी चुकीच्या भागात बसून आलीस.

नॉयफार्नला गाडी थांबली तेव्हाचं मला फ्रेमसारखं दिसतं. तू उठलीस, माझ्या मुलाला म्हणालीस, आता बघ हां, गाडी सुटी होणार. आईला वाकून नमस्कार केलास, त्या गर्दीत, त्या गाडीत! मला म्हणालीस, पहिलं बेझूखरपार्क येईल, तिथे उतरू नका, विमानतळासारखं दिसलं तरी नाही, तिथे जुनी विमानं ठेवलीत, त्याच्या पुढचं शेवटचं स्टेशन तुमचं. आणि उतरून धावत सुटलीस. खिडकीतून तुझी सॅक उड्या मारताना दिसत होती, केसांचा क्लिप पडला तो उचलायला थांबलीस, माझा जीव नुसता वरखाली, पुढचा भाग आधी सुटतो हे तूच सांगितलं होतंस. दारात चढलीस आणि मग मी श्वास सोडला. पुढचा भाग गेला, थोड्या वेळाने आमचा हलला, आणि मुलगा संपूर्ण रस्ताभर "ताईची गाडी कुठं गेली" विचारत राहिला.

बेझूखरपार्कला खरंच बरेच लोक उठले आणि आई पण उठली. मी म्हटलं बस, ताईने सांगितलंय. शेवटच्या स्टेशनला उतरलो, लिफ्ट सापडली, वर आलो तर एका बाजूला टर्मिनल १ आणि एका बाजूला टर्मिनल २, दोन्हीच्या मध्येच स्टेशन आहे, चालायला फार काही नाही. आईला व्हीलचेअर बुक केली होती ती मिळाली, चेक-इन वेळेत झालं, मुलाला खायला घालून मी निवांत चहा प्यायले. शहरापासून विमानतळ जवळजवळ तीस किलोमीटर लांब, आणि तुझ्यामुळे तो रस्ता आईला अजिबात लांब वाटला नाही, उलट ती घरी आल्यावर सगळ्यांना जर्मनीतलं काय सांगते तर राजवाडे नाही, तुझी गोष्ट सांगते.

तुझ्या आईबाबांना सुद्धा हे कळायला पाहिजे असं मला फार वाटतं. लेक इतक्या लांब गेली की घरच्यांना काळजी असतेच, ती नीट खाते का, माणसात आहे का, त्यांना सांग की तुमच्या लेकीने एका अनोळखी म्हातारीला स्वतःच्या आजीसारखं सांभाळून नेलं.

माझ्या नणंदेच्या ऑफिसचे लोक म्युनिकला सारखे जात असतात, त्यांना मी तुझं सगळं लिहून दिलंय, एस८ मिळाली तर डोळे मिटून बसा, एस१ असेल तर मागचा भाग, आणि बेझूखरपार्कला उतरायचं नाही. त्यातला एक जण लवकरच निघतोय. आईने कोल्हापुरात कांदा-लसूण चटणी करून डबा भरून ठेवलाय, तिखट नेहमीपेक्षा जरा कमी घातलंय असं म्हणाली, पण मला ते काही खरं वाटत नाही. हे वाचलंस तर मला मेसेज कर, तो माणूस फ्रायझिंगला आणून देईल, आणि सुट्टीत गावी आलीस की साताऱ्याहून आमच्याकडे यायला किती वेळ लागतो, नक्की ये.

तुझी,
स्ट्रोलरवाली ताई, आणि काकू