राजा सोपा, सून अवघड

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

ग्रेगच्या आजींकडच्या त्या वंशावळीच्या कागदाचा फोटो मिळाला. वर इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड, खाली ग्रेग, मध्ये नुसते बाण, आणि तुझा प्रश्न, 'हे खरं आहे का गं?' वरचा अर्धा भाग खरा आहे, त्यावर एक तासही घालवू नकोस. खालचा अर्धा अजून कुणी सिद्ध केलेला दिसत नाही. खरं काम तिथेच आहे.

आधी वरचं उरकते. तिसरा एडवर्ड (१३१२–१३७७), त्याचा मुलगा जॉन ऑफ गाँट, त्याची मुलगी जोन बोफोर्ट. जोनचे आईवडील तिच्या जन्मानंतर विवाहबद्ध झाले आणि १३९७ मध्ये पार्लमेंटने या भावंडांना औरस ठरवलं, तेव्हा तिथे अडायचं कारण नाही. जोनची मुलगी एलेनर नेव्हिल. एलेनरचा मुलगा हेन्री पर्सी, नॉर्थम्बरलंडचा तिसरा अर्ल, १४६१ मध्ये टाउटनच्या लढाईत पडला. त्याची मुलगी मार्गारेट गॅस्कॉइनांकडे दिली, तिची मुलगी एलिझाबेथ टेलबॉइसांकडे, तिची मुलगी अ‍ॅन लिंकनशरमधल्या स्क्रिव्हल्सबीच्या डिमोकांकडे. राज्याभिषेकात राजाचा 'चॅम्पियन', म्हणजे त्याच्या वतीने आव्हान देणारा योद्धा, होण्याचा वंशपरंपरागत मान असलेलं हे घराणं. अ‍ॅनची मुलगी फ्रान्सिस डिमोक सर टॉमस विंडबँकची बायको झाली. त्यांची मुलगी मिल्ड्रेड हँपशरमधल्या लिंकनहोल्टच्या रॉबर्ट रीडला दिली, आणि तिचा मुलगा जॉर्ज रीड १६३७ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात उतरला. जॉर्जची मुलगी मिल्ड्रेड ऑगस्टीन वॉर्नरला दिली, त्यांची मुलगी मिल्ड्रेड वॉर्नर लॉरेन्स वॉशिंग्टनला, आणि तिचा नातू म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. या मिल्ड्रेडची बहीण मेरी. मेरीच्या वंशात पुढे इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ येते.

आता मोज. जोनपासून मिल्ड्रेड वॉर्नरपर्यंत अकरा माणसं, त्यात पुरुष दोनच, हेन्री पर्सी आणि जॉर्ज रीड. बाकी नऊ बायका. आपल्या जुन्या वंशावळींच्या पद्धतीने, म्हणजे बापाखाली मुलगे आणि मुलींच्या जागी कोरा कागद असं कुणी हे मांडायला बसलं असतं, तर हा धागा दुसऱ्याच ओळीत तुटला असता. कुलवृत्तांतात लेकी छापायला लागून फार दिवस झालेले नाहीत. म्हणून तुला पहिलं सांगणं हे की आडनावामागे जाऊ नकोस. दर पिढीत सून कुठून आली ते शोध.

वंशावळ हाती आली की आधी वर्षांचा हिशेब करायचा. एडवर्डच्या जन्मापासून वॉशिंग्टनच्या जन्मापर्यंत (१७३२) ४२० वर्षं आणि चौदा पायऱ्या, म्हणजे पिढीला सरासरी तीस वर्षं. हे रास्त आहे. अठरा किंवा चाळीस निघाली तर कुठेतरी एक पिढी घुसली आहे किंवा गळली आहे. आजींच्या कागदावर मिल्ड्रेड वॉर्नरच्या एका कथित मुलीपासून १८५० च्या सुमाराच्या एका आजोबांपर्यंत चारच बाण आहेत. तिचा नवरा लॉरेन्स १६९८ मध्ये वारला. चार पायऱ्यांत दीडशे वर्षं बसत नाहीत असं नाही, पण मला ती ओढूनताणून बसवलेली वाटतात.

आता खालून सुरुवात कर. ग्रेगपासून, राजापासून नव्हे. वरून खाली येणारा माणूस वाटेत भेटलेल्या प्रत्येक सारख्या नावाला नातेवाईक मानत येतो. अमेरिकेच्या १९५० पर्यंतच्या जनगणना खुल्या आहेत (७२ वर्षांचा नियम आहे). तिथून दहा-दहा वर्षांनी मागे जा. १८९० ची जवळजवळ सगळी जळाली, ती शोधत बसू नकोस. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हे १८८० पासून लिहिलेलं सापडतं. १८५० ते १८७० मध्ये घरातल्या सगळ्यांची नावं आहेत, पण नातं नाही. त्यामुळे घरातलं पोर मुलगा असेल, पुतण्या असेल किंवा कामाला ठेवलेलाही असेल. आणि १७९० ते १८४० मध्ये फक्त प्रमुखाचं नाव, बाकीच्यांच्या वयोगटांत नुसत्या काड्या. निम्म्या वंशावळी याच खड्ड्यात पडतात.

खड्डा ओलांडायला व्हर्जिनियात जन्माचे दाखले मिळणार नाहीत. राज्यभर जन्म-मृत्यूची नोंद १८५३ पासून आहे, त्याआधी जे काही आहे ते चर्चच्या वह्यांत. त्यातून यॉर्क काउंटीचं (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) दप्तर १६३३ पासून चांगलं टिकलंय, तर वॉर्नरांच्या ग्लॉस्टर काउंटीचं १८२० मध्ये एकदा जळलं आणि सुरक्षित राहावं म्हणून रिचमंडला हलवलेलं १८६५ च्या आगीत गेलं. दप्तर जळालेल्या काउंटीत काय करायचं? जमिनीच्या मूळ सनदा वसाहतीच्या पातळीवर नोंदल्या जात, त्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत. शेजारच्या काउंट्यांची दप्तरं बघायची, कारण माणसं दावे आणि जमिनी हद्दीपलीकडेही करत. आणि सगळ्यांत कामाच्या म्हणजे १७८२ पासूनच्या कराच्या याद्या. दर वर्षाची यादी ओळीने वाच, उडी मारू नकोस. एका वर्षी बापाच्या नावाशेजारी नवं नाव येतं, म्हणजे पोरगा कराच्या वयात आला. मग बापाच्या नावापुढे 'इस्टेट' लागतं, म्हणजे तो गेला. पुढे त्याची २०० एकर खरेदीखताशिवाय दोघांच्या नावावर शंभर-शंभर झालेली दिसली, तर ते बहुधा वारस आहेत. आपल्याकडे फेरफार वाचतात तसंच हे वाचायचं.

सुनांसाठी तीन ठिकाणं. नवऱ्याने जमीन विकली की बायकोला विधवेचा हक्क सोडल्याचं सांगावं लागे, तिथे तिचं नाव येतं, पण पाळण्यातलंच, माहेरचं आडनाव नाही. आडनाव मिळतं ते तिच्या बापाच्या मृत्युपत्रात, 'माझी मुलगी अमुक तमुक' असं सासरच्या नावाने. म्हणून ज्या नावाचा शोध घेतेस त्याचीच मृत्युपत्रं न बघता आसपासच्या दहा घरांची बघ. तिसरं ठिकाण अमेरिकेच्या क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली. १८३६ च्या कायद्यापासून विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची पानं फाडून अर्जाला जोडली, ती आजही त्या फायलींत आहेत.

शब्दांना फसू नकोस. त्या काळी एका गावात मोठा जॉन 'सीनियर' आणि धाकटा 'ज्युनियर' असे, दोघांत नातं असेलच असं नाही. मोठा मेला की धाकटा सीनियर होई! 'सन-इन-लॉ' म्हणजे कित्येकदा सावत्र मुलगा. 'कझिन' म्हणजे पुतण्यासुद्धा. आणि 'माझी बायको आणि तिची मुलं' असं कुणी लिहिलं तर ती सगळी मुलं त्याचीच, असं गृहीत धरू नये.

समुद्र ओलांडण्याची पायरी सर्वांत नाजूक. इंग्लंडमधल्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, त्याच नावाचा बाप्तिस्मा, वय जुळतं, म्हणून तोच हा, असं इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत सर्रास धरलेलं असतं. तो पुरावा नव्हे. त्या पोराचं दफन त्याच वहीत दोन पानांपुढे सापडू शकतं. ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. जहाजांच्या उतारूंच्या सरकारी याद्या अमेरिकेत १८२० पासून आहेत, त्याआधीच्या तुरळक. व्हर्जिनियात माणूस आणल्याबद्दल डोई ५० एकर मिळत, त्या दाव्यांत नावं आहेत, पण दावा पुष्कळदा आगमनानंतर कित्येक वर्षांनी केलेला असे आणि हक्क विकलाही जाई. म्हणून सनदेचं वर्ष म्हणजे येण्याचं वर्ष नव्हे. जॉर्ज रीडची कडी पक्की आहे ती नाव जुळलं म्हणून नाही. त्याने व्हर्जिनियातून भाऊ रॉबर्टला लिहिलेली पत्रं इंग्लंडच्या सरकारी दप्तरात राहिली, आणि हा भाऊ मामाच्या, म्हणजे पहिल्या चार्ल्सचा सचिव असलेल्या सर फ्रान्सिस विंडबँकच्या हाताखाली काम करत होता. पत्र, भाऊ, मामा, तिन्ही एकाच घराकडे बोट दाखवतात. पुरावा असा हवा.

इंग्लंडमधला भाग तुला करावा लागणार नाही, पण तपासता यायला हवा. पॅरिशच्या वह्या १५३८ च्या हुकुमाने सुरू झाल्या, हाती पुष्कळदा १५५८ पासूनच्या लागतात, कारण १५९८ मध्ये जुन्या वह्या चर्मपत्रावर उतरवायला सांगताना एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनचा भाग आवर्जून मागितला होता. १६४० ते १६६० मध्ये यादवीमुळे भोकं आहेत. वर्ष २५ मार्चला बदलायचं, थेट १७५२ पर्यंत. त्यामुळे एप्रिल १६४१ मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १६४१ मध्ये पोराचा बाप्तिस्मा दिसला तर कुजबुजू नकोस. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६४२ चा. त्याहून मागे वह्या नाहीत. तिथे जमीनदार मेल्यावर होणारी चौकशी कामाला येते. तिच्यात वारसाचं नाव आणि वय असतं, पण 'एकवीस वर्षं आणि अधिक' याचा अर्थ एवढाच की तो सज्ञान होता. पन्नाशीचाही असेल. १५३० ते १६८८ मध्ये हेराल्ड, म्हणजे घराण्यांची चिन्हं तपासणारे राजाचे अधिकारी, गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहून घेत. सांगणाऱ्याचे आईबाप, आजी-आजोबा यांच्यापुरत्या त्या बऱ्या. त्याच्या वर त्याची हौस बोलते.

हौसेवरून आठवलं. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत अमेरिकन घरांना इंग्लिश पूर्वज पुरवणं हा धंदाच होता. होरेशियो गेट्स सोमर्बीने न्यू इंग्लंडच्या गिऱ्हाइकांसाठी बनावट दुवे घातले. गुस्ताव्ह अंजू (मृत्यू १९४२) तर हजारो डॉलर घेऊन अख्ख्या वंशावळी रचून द्यायचा. त्याची चलाखी अशी की बहुतेक कागद खरे, मृत्युपत्रंही खरी, फक्त मधली एखादी व्यक्ती त्याने जन्माला घातलेली. त्या काळच्या जाड छापील घराणे-ग्रंथात उतारे भरपूर आणि नेमक्या समुद्राच्या पायरीला उतारा नाही असं दिसलं, की थांबायचं. आजींच्या भिंतीवरचं ते 'घराण्याचं चिन्ह'ही तसलंच. इंग्लंडमध्ये चिन्ह आडनावाला मिळत नाही, ते ज्याला दिलं त्याला आणि त्याच्या वंशजांना. आजींना मात्र हे सांगू नकोस. सुंदर दिसतं ते.

ग्रेगने डीएनएची चाचणी केली म्हणतेस. त्यातून राजा निघणार नाही. दहा पिढ्यांमागे १०२४ जागा असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. अलीकडच्या चार-पाच पिढ्यांतली शंका फेडायला चाचणी उत्तम, म्हणजे तुझ्या १८५० च्या खड्ड्यासाठी. आणि कागदांचा फार अभिमानही नको. इंग्लंडात लेस्टरला २०१२ मध्ये राजा तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला, तेव्हा आईकडून आईकडे जाणारा डीएनए जुळला. तिसऱ्या एडवर्डपासून पुरुषांकडून उतरलेल्या मानलेल्या पाच जणांचं वाय गुणसूत्र (बापाकडून मुलाकडे जाणारं) मात्र रिचर्डशी जुळलं नाही, आणि त्या पाचांतलाही एक बाकी चौघांशी जुळला नाही. कागदावर सगळे बाप चोख होते. बायकांची साखळी टिकली, ही मला आवडलेली गोष्ट.

सासूबाई विचारतील, मग हे विशेष आहे की नाही? वीस पिढ्यांमागे दहा लाखांवर जागा होतात, आणि चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर इंग्लंडची लोकसंख्या तीस लाखांच्या आतच होती. तेव्हा इंग्लिश मुळाच्या बहुतेकांना एडवर्ड कुठून ना कुठून लागतोच. कागदाने दाखवता येणं तेवढं विरळ.

आता एवढं कर. आजींकडे घरचं बायबल आहे म्हणालीस. जन्म-लग्नांच्या पानांचे फोटो काढशीलच, पण आधी पुस्तकाच्या पहिल्या पानाचा काढ, जिथे छापल्याचं वर्ष असतं. बायबल १८४५ चं आणि पहिली नोंद १७८० ची असेल, तर ती कुणीतरी आठवणीतून लिहिली आहे. मग शाई आणि अक्षर बघ. सगळ्या जुन्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसतात, की अक्षर बदलत जातं? फोटो उजेडात, तिरप्या प्रकाशात काढ, म्हणजे पुसट खुणा दिसतात. आजींना पानं उलटू दे, तू उलटू नकोस. त्या उलटताना 'ही माझ्या आजीची आई' असं काहीतरी बोलतील, ते तारखेसकट लिहून ठेव.

ग्रेगला आणि सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
आई