हेडफोनसाठी क्लास डी घ्यावा का, हे समजावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आईला रात्री नाट्यगीतं ऐकता यावीत म्हणून हेडफोन ॲम्प्लिफायर करायचा होता. क्लास डीचे, म्हणजे ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद (स्विचिंग) करून आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचे, तयार बोर्ड स्वस्तात मिळतात, तोच घेऊ का, एवढंच विचारायला मी सिडकोत तुमच्याकडे आले होते. तुम्ही नुसतं हो-नाही न सांगता हातातलं काम बाजूला ठेवलंत आणि कागदावर हिशेब मांडलात. हे आभार सगळ्यांसमोर मानते, कारण हाच प्रश्न पडलेले नाशिकमध्ये आणखीही असतील.

क्लास डीची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास, हे खरंच. स्पीकरला ५० वॅट द्यायचे तर त्याने हीटसिंकचा, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीचा, केवढा भार वाचतो! पण ३२ ओहमच्या हेडफोनला १ मिलिवॅट म्हणजे ०.१८ व्होल्ट, जेमतेम ६ मिलिअँप. तेवढ्यातच बऱ्याच हेडफोनांचा आवाज १०० डेसिबलला पोचतो. इथे वाचवायला वॅट आहेतच कुठे? उलट गाणं चालू असो वा नसो, स्विचिंगचा करंट खर्च होतच राहतो.

मला सगळ्यात पटला तो नॉईजचा, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या खरखरीचा, हिशेब. स्पीकरच्या बोर्डच्या आउटपुटला ६५ मायक्रोव्होल्ट नॉईज असला तर खोलीत तो कुणाला जाणवत नाही. अशा हेडफोनमध्ये मात्र तो ३० डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे शांत रात्री कानात सतत सूं. बाहेरचा कॉइल-कपॅसिटरचा फिल्टरही ४ किंवा ८ ओहम धरून काढलेला असतो. लोड हलका झाला, म्हणजे ३२ ओहमचा हेडफोन जोडला, की फिल्टरच्या रेझोनन्सला उंचवटा येतो, म्हणजे तेवढ्या भागातला सिग्नल नको तितका वाढतो.

आणि तो ब्रिज, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारा ॲम्प्लिफायरनेच चालवायची जोडणी! या बोर्डांच्या उणे तारा ग्राउंडला नसतात, त्यांवरही सिग्नल असतो. नेहमीच्या तीन संपर्कांच्या जॅकमध्ये दोन्ही चॅनेलच्या उणे तारा एकत्र येतात, म्हणजे आउटपुट एकमेकांना शॉर्ट. हे बोर्डवर कुठेच लिहिलेलं नसतं, ते तुम्ही आधीच सांगितलंत.

तरी क्लास डीला तुम्ही नावं ठेवली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. हेडफोनचा लोड धरूनच बनवलेला आयसी असेल आणि बॅटरीवर चालवायचं असेल तर खुशाल वापर, म्हणालात. आईसाठी मात्र तुमच्या सल्ल्याने एनजेएम ४५५६ हा दोन ऑपॲम्पचा (सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचा) आयसी लावला. प्रत्येक ऑपॲम्प ७० मिलिअँप देतो, आपल्याला भरपूर झाले. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, फक्त ३ ठेवला आणि सूं अजिबात नाही. आई आता तानेतला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो म्हणते.

तुम्ही दिलेला वेळ आणि ते कागद, दोन्हींसाठी मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात ॲम्प्लिफायर घेऊन येते, तुम्हीही ऐकून बघा.

तुमची,
सातपूरची विद्यार्थिनी